तीन जादा काडतुसे

शाळेच्या वार्षिकात खेळांविषयी लिहावयाचे म्हणजे विजयी संघाचे गुणगान करावयाचे, असा एक शिरस्ता पडून गेला आहे. प्रस्तुत लेखकाला यंदा चुकलेल्या नेमाविषयी लिहावयाचे आहे. आणि त्यासाठी विद्यार्थी मित्रांना गोव्याच्या दमट हवेतून थेट हिमप्रदेशात न्यावे लागणार आहे, याबद्दल त्यांनी क्षमा करावी.

स्कीच्या लांब पट्ट्या पायांना बांधून हिमावरून धावावयाचे, मध्येच थांबून बंदुकीने नेम मारावयाचे आणि पुन्हा धावू लागावयाचे, अशी ‘बायथलॉन’ नावाची शर्यत आहे. हिवाळी ऑलिंपिकमध्ये ती १९६० साली आली. त्या पहिल्या शर्यतीत क्लास लेस्टांडर हा स्वीडिश खेळाडू जिंकला. धावण्यात त्याच्याहून वेगवान असे अनेकजण होते. परंतु वीसही नेम त्याने अचूक साधले होते. पुढे १९६८ साली चौघांच्या संघाची रिले शर्यत सुरू झाली, आणि मला बोलावयाचे आहे ते तिच्याविषयी.

पुरुषांच्या संघातील प्रत्येकाने साडेसात किलोमीटर धावावयाचे असते. वाटेत दोनदा थांबून, एकदा पालथे पडून व एकदा उभ्याने, ५० मीटरांवरील पाच-पाच लक्ष्ये पाडावयाची. पडून मारावयाचे लक्ष्य साडेचार सेंटिमीटरांचे, म्हणजे लहानशा लिंबाएवढे. उभ्याने मारावयाचे साडेअकरा सेंटिमीटरांचे, बशीएवढे. बंदूक राष्ट्रीय छात्रसेनेतील आपली मुले हाताळतात त्याच .२२ व्यासाची, ती निदान साडेतीन किलो भरली पाहिजे आणि सारा वेळ पाठीवर वाहिली पाहिजे.

या शर्यतीची तयारी पाहू गेल्यास शर्यतीपेक्षा तीच अधिक कौतुकाची वाटते. एकाच कारखान्यातील काडतुसेदेखील थंडीत सारखी वागत नाहीत. म्हणून ती ज्या बंदुकीतून उडवावयाची तिच्यातूनच गारठ्यात पारखून घेतात. नळीच्या तोंडात व माशीवर हिम जाऊ नये म्हणून झाकणे असतात. स्कीच्या तळाला त्या दिवशीच्या हिमाला मानवेल असे मेण लावण्यासाठी काही माणसे पहाटेपासून खपत असतात. त्यांची नावे निकालात कोठेही येत नाहीत. शर्यतीपूर्वी प्रत्येकजण कागदी लक्ष्यावर गोळ्या झाडतो, शिक्षक दुर्बिणीतून छिद्रे पाहतो, आणि वारा पाहून बंदुकीचा नेम चिमूटभर इकडेतिकडे सरकविला जातो. उन्हाळ्यात हिम नसते तेव्हा चाकांच्या स्कीवर सडकेवरून धावतात. घरी रिकामी बंदूक खांद्याला लावून शेकडो वेळा नुसता घोडा ओढतात. धडधडत्या छातीने नेमाच्या जागी पोहोचल्यावर काळीज थांबविणे कोणाच्याच हाती नसते. दोन श्वासांमधला निवांत क्षण ओळखणे तेवढे हाती असते. आमच्या कोंकणीत त्याला एकच शब्द आहे: ‘सवकास’.

परंतु माझे मन खिळले ते एका नियमावर. पाच लक्ष्यांसाठी पाच काडतुसे बंदुकीत भरलेली असतात. रिलेमध्ये त्यांखेरीज आणखी तीन जादा मिळतात. ती मात्र गारठलेल्या बोटांनी एकेक करून हाताने भरावी लागतात. तीही संपून लक्ष्य उभेच राहिले, तर प्रत्येक उरलेल्या लक्ष्यामागे १५० मीटरांची एक दंडफेरी! म्हणजे माणूस चुकणारच, असे या खेळाने आधीच गृहीत धरले आहे. म्हणून कसलेले संघ ही जादा काडतुसे भरण्याचाही स्वतंत्र सराव करतात. तरीही घात होतो. २०२२ साली बीजिंगला रशियन खेळाडूंचा संघ अखेरच्या नेमबाजीपर्यंत आघाडीवर होता. तेथे त्यांच्या चौथ्या गड्याला दोन दंडफेऱ्या पडल्या आणि सुवर्णपदक नॉर्वेकडे जाऊन त्यांच्या वाट्याला कांस्य आले.

आता माझ्या स्वतःच्या चुकीकडे येतो. काही वर्षांपूर्वी छात्रसेनेच्या एका शिबिरात मी आपली चार मुले नेमबाजीसाठी नेली होती. तयारीत कसूर ठेवली नव्हती, असे तेव्हा मला वाटत होते. चौघांतला सर्वांत गुणी मुलगा पहिल्याच गोळीला बिचकला. हात हलल्याचे त्याला कळले आणि उरलेल्या गोळ्या त्याने अशा घाईने झाडल्या, की जणू ती बंदूक त्याला हातातून टाकूनच द्यावयाची होती. संघ मागे पडला. परतीच्या वाटेवर मी त्याला नको तितके बोललो. तो बराच वेळ गप्प होता. मग खाली पाहत म्हणाला, “मागीर कितें करपाचें तें तुमी सांगूंकच ना, सर.” चुकल्यानंतर पुढे काय करावयाचे, हे मी सांगितलेच नव्हते. ‘चुकू नकोस’ एवढे मात्र पुष्कळदा सांगितले होते.

आपण मुलांना अशीच तयारी देतो, असे माझे स्पष्ट मत आहे. गणिताच्या परीक्षेत पहिले उदाहरण अडले की उरलेला सारा पेपर वाहून जातो, हे काय शिक्षकांनी पाहिलेले नाही? पालकही घरी ‘किती मिळाले’ एवढेच विचारतात. चुकीनंतरच्या घटकेचा सराव कोणी घ्यावयाचा? मला वाटते, तो मैदानावर घेणे सर्वांत सोपे आहे, कारण तेथे चूक लपत नाही आणि तिची किंमतही लगेच मोजून होते.

म्हणून यंदा आम्ही एक खेळ बसविला आहे. चौघांचा संघ. प्रत्येकाने मैदानाच्या दोन फेऱ्या धावून यावयाचे आणि दहा पावलांवर मांडलेल्या पाच करवंट्या चेंडूंनी पाडावयाच्या. चेंडू पाच, शिवाय तीन जादा, पण प्रत्येक वेगळ्या रुमालात घट्ट गाठ मारून बांधलेला. जितक्या करवंट्या उभ्या राहतील तितक्या वेळा कोपऱ्यातल्या आंब्याला वळसा. पहिल्या दिवशी मुलांनी गाठी दातांनी ओढल्या, एकाने तर रुमालच फाडला, आणि चार घरांतून माझ्याकडे विचारणा झाली! आता मुले मधल्या सुटीत नुसत्या गाठी सोडण्याचा सराव करीत बसलेली दिसतात. त्या शिबिरातल्या मुलाचा धाकटा भाऊ यंदा आठवीत आहे. चौथ्या टप्प्यासाठी नाव देणारा तो पहिला.