पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांना गद्दार म्हणण्याआधी



मागच्या महिन्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत आला. गोव्याचे लोक पोर्तुगालचा पासपोर्ट काढतात, इंग्लंडात जाऊन बसतात, आपला पासपोर्ट परत करतात, असे लोक म्हणजे गद्दार, वगैरे. खाली अंगठ्यांची रांग. त्यात एक अंगठा माझाही होता. दुपारचं जेवण झालेलं, डोळे मिटत होते, वाचलं न वाचलं आणि दाबला.

आठ दिवसांनी म्युनिकहून मुलाचा फोन आला. "बाबा, इथली सिटिझनशिप घ्यायचं म्हणतोय. तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, विचार करून सांगतो. फोन ठेवल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे तो मेसेज शोधला आणि अंगठा काढून टाकला. पण गुपचूप अंगठा काढणं म्हणजे चूक सुधारणं नाही, म्हणून आज इथे लिहितो आहे. ग्रुपवरचे काही जण इथेही आहेत. त्यांनी रागावू नये.

गोव्याबद्दल मी ऐकीव बोलत नाही. प्रमोशनवर 1996 साली माझी मडगावला बदली झाली आणि तीन वर्षं तिथे काढली. आमच्या शाखेत सासष्टीचा एक कॅशियर होता. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्याने पिशवीतून त्याच्या वडिलांच्या जन्मनोंदीचा दाखला काढून दाखवला. पोर्तुगीजमध्ये, बोरूच्या वळणाचं अक्षर. म्हणाला, "साहेब, हे लिस्बनला पाठवतो आहे." मला काही कळेना. मग त्याने सांगितलं ते असं.

गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य 1510 पासून. डिसेंबर 1961 मध्ये आपलं सैन्य गेलं, 19 तारखेला गोवा मुक्त झाला, आणि 1962 च्या आदेशाने तिथली माणसं भारताची नागरिक झाली. पण पोर्तुगालने हे मानलंच नव्हतं. त्यांनी भारताचा गोव्यावरचा हक्क मान्य केला तो 31 डिसेंबर 1974 च्या कराराने. त्यामुळे मुक्तीच्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेला माणूस त्यांच्या कायद्याने पोर्तुगीजच राहिला, आणि तो हक्क त्याच्या मुला-नातवंडांपर्यंत गेला. लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवायचा, की पुढचे कागद. 1986 साली पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेलं आणि पुढे त्या कागदावर युरोपात कुठेही राहायची, काम करायची मोकळीक आली. ट्रंकेत पडलेल्या कागदाला किंमत आली. बँकेच्या भाषेत सांगायचं तर वर्षानुवर्षं व्यवहार नसलेलं खातं एकदम चालू झालं.

यात दलालांनी हात धुऊन घेतले, हेही मी पाहिलं. नावाचं स्पेलिंग जुळत नाही म्हणून पैसे, भाषांतराचे पैसे, शिक्क्याचे पैसे. खोटे कागद करणारेही होते. ते चूकच. आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेऊनही इथलं मतदार कार्ड, इथला पासपोर्ट लपवून ठेवणं, तेही चूकच. आपल्या 1955 च्या कायद्याने स्वेच्छेने परकं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. पण जो रांगेत उभा राहून आपला पासपोर्ट रीतसर परत करतो, त्याला गद्दार कशासाठी म्हणायचं?

तो कॅशियर पुढे नोकरी सोडून इंग्लंडात स्विंडनला गेला. बँकेतली पक्की नोकरी सोडून गोदामात रात्रपाळीला पार्सलं लावायला. आम्ही सगळे त्याला वेडा म्हणत होतो. दर ख्रिसमसला त्याचा फोन येतो. स्विंडनला गोव्याची इतकी माणसं आहेत की रविवारी कोंकणीतून मिसा होते, तियात्र होतात, फुटबॉलचे सामने होतात. पोर्तुगाल त्याने अजून धड पाहिलेलं नाही! कागद पोर्तुगालचा, काम इंग्रजीत, भांडण कोंकणीत. 2016 च्या मतदानात इंग्लंडने युरोपातून बाहेर पडायचं ठरवलं, स्विंडननेही त्याच बाजूने कौल दिला, तेव्हा मात्र त्याचा आवाज उतरला होता. शेजारी गुड मॉर्निंग म्हणतो, पण मत कुणाला दिलं ते समजत नाही, म्हणाला. जून 2021 च्या आत अर्ज करून त्याने कायम राहण्याचा हक्क मिळवला.

याच्या उलट लिस्बनचे जुने गोंयकार. ते शिकलेले, पोर्तुगीज बोलणारे, काही 1961 च्या आसपास गेले, काही मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर तिथून आले. डॉक्टर, वकील, प्राध्यापक झाले आणि तिथल्या समाजात मिसळून गेले. अंतोनिओ कॉस्टा हे त्यांतलं मोठं नाव. वडील लेखक, मडगावच्या घराण्यातले. कॉस्टा 2015 ते 2024 पोर्तुगालचे पंतप्रधान होते, आता युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष आहेत. 2017 साली ते पंतप्रधान म्हणून मडगावच्या वाडवडिलांच्या घरी आले, तेव्हा आपण सगळ्यांनी कौतुकाने फोटो पाहिले. त्याच वर्षी आपल्या पंतप्रधानांनी त्यांना ओसीआय कार्ड दिलं. तिथे कुणी गद्दार म्हटलं नाही. पंतप्रधान झाला की आपला, गोदामात पार्सल उचलतो तो गद्दार, हा कुठला न्याय?

आता आपल्याकडे येतो, कारण खरं बोलायचं आहे ते इथलं.

1 नोव्हेंबर 1956 ला मी चार वर्षांचा होतो. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपला छिंदवाडा जिल्हा, त्यात पांढुर्णा-सौंसर, नव्या मध्यप्रदेशात राहिला. गंमत म्हणजे राज्याचं नाव तेच राहिलं, राजधानी तेवढी नागपूरहून भोपाळला गेली. हायकोर्टही जबलपूरला गेलं. आमच्या वडिलांचं जमिनीचं अपील नागपूरला होतं, त्याची तारीख जबलपूरची लागली. नागपूर म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी परत. जबलपूर कुठे, हे वडिलांना स्टेशनवर विचारावं लागलं. ते म्हणायचे, "आपन कुठंच गेलो नाही बाप्पा, सरकारच गेलं."

तेव्हापासून आपण काय केलं? ऑफिसात हिंदी, घरात मराठी. मी बी.कॉम. करायला मामाकडे नागपूरला गेलो तर तिथली पोरं मला 'एमपीवाला' म्हणत. पुढे नोकरीत भोपाळला गेलो तर 'महाराष्ट्र से आये हो क्या?' मी म्हणायचो, नाही हो, इथलाच. समोरच्याला पटायचं नाही. त्या कॅशियरला स्विंडनमध्ये आजही विचारतात, तू पोर्तुगीज म्हणतोस, पण दिसत तर नाहीस. त्याने हे सांगितलं तेव्हा मी फोनवर मोठ्याने हसलो. त्याला वाटलं चेष्टा करतोय.

देश बदलणं आणि राज्य बदलणं एक नाही, मला कळतं. आपण मतदान केलं, आपलेच आमदार निवडले, कुणी आपल्याला परत जा म्हटलं नाही. 2023 साली तर पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते, जामसावळीला शनिवारी गर्दी असते, संत्र्याचे ट्रक भरतात. वरून पाहिलं तर काहीच गेलं नाही.

पण गेल्या वर्षी पोळ्याला माझ्या इथल्याच नातवाचा, मुलीच्या मुलाचा, मेसेज आला: 'हैप्पी पोला नानाजी'. पोला! आमची आजी 'पोया' म्हणायची, पुस्तकात आम्ही 'पोळा' शिकलो, आणि याच्यापर्यंत येता येता 'ळ' गळला. तो मराठी बोलतो, छान बोलतो. वाचता येत नाही. त्याच्या आईला येतं, पण तिला हिंदी शाळेत मीच घातलं होतं, पुढे नोकरीला बरं म्हणून. कुणी जबरदस्ती केली नाही. वर्तमानपत्र मराठी होतं ते हिंदी झालं, लग्नाची पत्रिका हिंदीत छापायला लागलो, दुकानाची पाटी तर केव्हाच. पासपोर्ट आमचा शंभर टक्के भारतीय, आणि मराठी घरातून गेली ती बसल्या जागी.

एक मुद्दा मात्र मी उडवून लावत नाही. सरकारी कॉलेजात कमी फीमध्ये शिकलेला मुलगा परदेशात टॅक्स भरतो, हे खरं आहे. माझा मुलगा असाच शिकला. ते देणं आहेच. पण बँकेत आम्ही थकबाकी आणि फसवणूक यांची वेगवेगळी खाती ठेवतो. थकबाकीदाराला कुणी चोर म्हणत नाही.

मुलाला शेवटी मी हो म्हटलं. जर्मनीने 2024 च्या जूनपासून दोन नागरिकत्वांना मुभा दिली आहे, पण आपला कायदा देत नाही, तेव्हा निळा पासपोर्ट परत करावा लागेल, मग ओसीआय. त्याने तिथली भाषेची परीक्षा दिली, 33 प्रश्नांचा पेपर दिला. तिथेच राहायचं, टॅक्स भरायचा, पोरं वाढवायची, तर मत देण्याचा हक्क का नको? परका म्हणून किती वर्षं राहायचं? हिने एवढंच विचारलं, "बगीच्याचं काय?" पांढुर्ण्याजवळ आमची थोडी संत्र्याची जमीन आहे. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने मिळू शकते. मी खसरा-खतौनी, पावती सगळं काढून एका फाइलमध्ये लावून ठेवलं. मृत्युपत्रही करून टाकलं. चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो, स्वतः कधी केलं नव्हतं.

आणि मुलाला एक अट घातली. दर रविवारी तिथल्या सकाळी अकराला नातीने माझ्याकडे मराठी वाचायचं. सात वर्षांची आहे. व्हिडिओवर बसते, मी पाटी धरतो. तिसऱ्या रविवारपासून इथल्या नातवालाही शेजारी बसवलं. तो कुरकुरतो, क्रिकेटची वेळ असते. परवा दोघंही 'ळ'वर अडले होते. तिला म्हणता येत नाही, त्याला लिहिता येत नाही.