अपेक्षांचें माप

बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा भाऊबंद. या खेळांत उत्तम गणलेला फलंदाजही दहांपैकीं सात खेपा फसतो. मग कॉलेजच्या संघाच्या शिक्षकाकडून, म्हणजे कोचकडून, अपेक्षा तरी किती बाळगावी?

अमेरिकेंतील फ्लॉरिडा स्टेट विद्यापीठाचे माइक मार्टिन यांचेंच पाहा. १९८० पासून २०१९ पर्यंत चाळीस हंगाम त्यांनीं संघ सांभाळला. एकूण २,०२९ सामने जिंकले. निवृत्तीच्या वेळीं तो कॉलेज-बेसबॉलचा उच्चांक होता. एकाही हंगामांत विजय चाळिसांच्या खालीं गेले नाहींत. अखेरच्या स्पर्धेस ओमाहा शहरीं आठच संघ पोंचतात. मार्टिन तेथें सतरा वेळां गेले. १९८६ व १९९९ सालीं अंतिम सामनाही खेळले. परंतु विजेतेपद एकदांही लाभलें नाहीं, आणि बोलबाला झाला तो या उणिवेचाच!

आम्हांस हा न्याय विचित्र वाटतो. पहिल्या श्रेणींत सुमारें तीनशें संघ, विजेता एक. ओमाह्यास दोन पराभव झाले कीं परतीची वाट. एका गोलंदाजाचा खांदा दुखावला तरी वर्षाची मेहनत वायां जाते. उलट २००८ सालीं फ्रेस्नो स्टेट हा आपल्या प्राथमिक गटांत चौथा, म्हणजे शेवटचा, मानलेला संघ विजेता ठरला. संघ दरवर्षीं दारापर्यंत पोंचतो काय, एवढेंच शिक्षकास विचारणें रास्त होय.

मार्टिन यांच्या जागीं त्यांचेच चिरंजीव आले. तीन हंगामांत दोनदां राष्ट्रीय स्पर्धा गांठूनही २०२२ सालीं त्यांस निरोप मिळाला.