यंत्राचें नित्यकर्म

ज्या घरांतील मुलगा वा सून संगणकाच्या व्यवसायांत आहे, त्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो. रात्रींचीं कामें जर यंत्र आपण होऊन करतें, तर माणसानें मध्यरात्रीं उठून पडद्याकडे पाहात बसण्याचें प्रयोजन काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर शोधावयास आम्हां भुसावळकरांस फार दूर जावें लागत नाहीं.

आमचें गांव जंक्शनचें. महाराष्ट्र एक्सप्रेसमधील एकच बर्थ भुसावळ, पुणें व नागपूर येथील तिघां प्रवाशांनीं एकाच क्षणीं मागितला, तरी तो एकासच मिळतो. पूर्वीं हें आरक्षण हस्तलिखित नोंदवह्यांतून होई, व परतीच्या प्रवासासाठीं तार करावी लागे. १९८६ सालीं रेल्वेच्या संगणककार्यासाठीं ‘क्रिस’ ही संस्था स्थापन झाली. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद येथील पांच आरक्षणकेंद्रें १९९९ सालीं एकमेकांस जोडलीं गेलीं. आणि २००२ पासून घरबसल्या तिकीट काढतां येऊं लागलें. या सर्वांच्या मुळाशीं डेटाबेस आहे, म्हणजे माहितीचें सुव्यवस्थित कोठार. तें ज्या यंत्रावर नांदतें, तो सर्व्हर. मध्यरात्रीच्या सुमारास आरक्षण कांहीं वेळ बंद असतें, तें या कोठाराचीं दिवसपालटाचीं व निगराणीचीं कामें उरकण्यासाठींच.

कोठार म्हटलें कीं कोठावळा आला. मीमांसकांनीं कर्माचे नित्य, नैमित्तिक व काम्य असे भेद सांगितले आहेत. ते या कोठावळ्याच्या कामांसही लागू पडतात. रोज रात्रीं माहितीची प्रत, म्हणजे बॅकअप, घेणें. घडामोडींच्या जुन्या नोंदी, ज्यांस लॉग म्हणतात, त्या बाजूस सारणें. जागा किती उरली तें पाहणें, हीं नित्यकर्में. बिघाड झाल्यास करावयाचीं तीं नैमित्तिक. कोणी नवीन तक्ता मागितल्यास तें काम्य. नित्यकर्म रोज हातानें करूं गेल्यास कंटाळा येतो, आणि कंटाळ्याच्या पोटीं चूक जन्मते. म्हणून त्याची आज्ञावली, म्हणजे स्क्रिप्ट, एकदां लिहून ठेवतात, आणि ती केव्हां चालवावी हें ‘क्रॉन’ नांवाच्या व्यवस्थेस सांगतात. क्रॉनच्या ओळीस पंचांगाप्रमाणें पांच अंगें असतात: मिनिट, तास, तारीख, महिना व वार. पहिल्या दोन अंगांत ३० व २ लिहून उरलेल्या तिहींत तारकाचिन्ह घातलें, कीं रोज रात्रीं अडीच वाजतां तें काम सुरू होतें.

परंतु काम सुरू होणें निराळें आणि सिद्धीस जाणें निराळें. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचें लेखन सांभाळणाऱ्या ‘गिटलॅब’ या कंपनींत ३१ जानेवारी २०१७ रोजीं एका अभियंत्यानें, रात्रीं बिघाड दुरुस्त करतांना, दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरील माहिती पुसली. एकदोन सेकंदांतच त्यानें हात आवरला, तोंवर सुमारें ३०० गिगाबाइट माहिती नाहींशी झाली होती. रोजच्या बॅकअपकडे पाहावें, तों तेथें कांहींच नव्हतें! बॅकअप घेणारें साधन डेटाबेसच्या आवृत्तीशीं जुळत नसल्यानें तें काम रोज फसत होतें, आणि तशी सूचना देणारे ईमेल वाटेंतच नाकारले जात होते. तारलें तें एका माणसानें सहा तासांपूर्वीं दुसऱ्याच कामासाठीं हातानें घेतलेल्या प्रतीनें. मधल्या सहा तासांतील डेटाबेसच्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या. कंपनीनें ही हकीकत न झांकतां प्रसिद्ध केली, म्हणून आपणांस ती ठाऊक आहे.

स्क्रिप्टला हात आहेत, विवेक नाहीं. सांगितलेलें काम ती करील. पण त्याचें फळ पदरांत पडलें कीं नाहीं, हें माणसानेंच पाहिलें पाहिजे. यास्तव जाणते कोठावळे तीन गोष्टी पाळतात. काम झाल्याची पावती रोज आली पाहिजे. ती न आल्यास, तक्रार नसली तरी, चौकशी करावी. प्रत मूळ यंत्रापासून दूर, दुसऱ्या ठिकाणीं ठेवावी. आणि ठराविक काळानें त्या प्रतीवरून सारें कोठार पुन्हां उभें करून पाहावें. आपला मुलगा वा सून रात्रीं पडद्याकडे पाहते, ती यासाठीं. तिच्या उजाडत्या झोंपेस घरानें आळस म्हणूं नये.

हाच न्याय आपल्या घरासही लागू आहे. लग्नामुंजींचीं छायाचित्रें, शेताचे उतारे, वडिलांचीं पत्रें आतां मोबाइलमध्यें असतात, आणि ‘तीं आपोआप सांठवलीं जातात’ असें आपण समजतों. दसऱ्यास आपण पोथ्या व हत्यारें पुजतों. त्याच दिवशीं घरांतील जाणत्या मुलामुलींकडून सांठविलेली एखादी जुनी प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडवून पाहावी. न उघडल्यास, मूळ हातांत आहे तोंवरच, नवी करून घ्यावी.