मोडली तरी चालेल, अशी गाडी पाहिजे!

मोटरस्पोर्ट म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती टीव्हीवरची फॉर्म्युला वन. कोट्यवधींची गाडी, दोन-अडीच सेकंदांत चार टायर बदलणारी पलटण आणि शेवटी शॅम्पेनचे फवारे. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं ही जत्रा आपल्याकडे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवरही भरली. पण बॉस, या खेळाला धुळीनं माखलेला एक गरीब चुलतभाऊही आहे. त्याचं नाव ऑटोक्रॉस. मोकळ्या मैदानात झेंडे आणि कोन लावून मातीचा वळणावळणाचा ट्रॅक आखायचा, नंबर आला की गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. कमी वेळात येईल तो जिंकला. दुसरा प्रकार टीएसडी रॅली, म्हणजे टाइम, स्पीड, डिस्टन्स. इथे रस्ता नेहमीचाच, पण सरासरी स्पीड आयोजक ठरवून देतात. उशिरा पोचलात तर दंड, लवकर पोचलात तरी दंड. म्हणजे पाय ड्रायव्हरचे आणि डोकं शेजारी बसलेल्या नॅव्हिगेटरचं.

आम्ही चौघांनी हे करायचं ठरवलं. एक आयटीवाला, एक सीए, एक मैत्रीण (टीएसडीत दोन वर्षं नॅव्हिगेटर म्हणून बसलेली, म्हणजे आमच्यातली एकमेव अनुभवी व्यक्ती) आणि मी. फ्रीलान्स पत्रकार म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहेच. माझा चेक कधी येणार हे संपादकांनाही ठाऊक नसतं. प्रत्येकी साठ हजार, एकूण दोन लाख चाळीस हजार. एवढ्यात एकच गाडी घ्यायची, चौघांनी चालवायची.

आता कुठली?

इथून खरी मारामारी. आयटीवाल्याच्या डोक्यात २००० सालानंतरची होंडा सिटी व्हीटेक. १.५ लिटर, शंभराच्या वर हॉर्सपॉवर, आवाज तर असा की कॉलेजात असताना आम्ही पार्किंगमध्ये नुसता ऐकत उभे राहायचो. सीएला मारुती इस्टीम. हलकी गाडी, १.३ चं इंजिन, आपल्याकडच्या रॅलीवाल्यांनी वर्षानुवर्षं पिळून काढलेलं. मला जिप्सी. हरी सिंग यांच्यासारख्या दिग्गजांनी रॅलीत गाजवलेली गाडी, कुणाला नको असेल?

प्रत्येकजण आपापल्या हीरोइनच्या बाजूनं भांडत होता. मैत्रीण शांतपणे चहा पीत होती. शेवटी म्हणाली, ‘अरे, पहिल्याच दिवशी तुम्ही कोन उडवणार आहात. पळते किती ते नंतर बघा, बंपर कितीला येतो ते आधी विचारा.’

हाच सगळ्या प्रकरणाचा फंडा आहे. हौशी मोटरस्पोर्टसाठी गाडी निवडताना ‘सर्वात फास्ट कुठली’ हा प्रश्नच चुकीचा. ‘मोडली तर पुढच्या महिन्यात पुन्हा उभी राहील का?’ हा प्रश्न बरोबर. मग आम्ही चार पार्टची यादी केली: बंपर, हेडलाइट, लोअर आर्म आणि रेडिएटर. मातीत यांचाच बळी आधी जातो. प्रत्येक गाडीसाठी हे चार पार्ट किती दिवसांत आणि कितीला मिळतील, हे दुकानात विचारलं. इथे व्हीटेक गळाली. सिटीचं ते मॉडेल २००३ मध्ये बंद झालं. चांगल्या कंडिशनची गाडी असणारे शौकीन ती सोडत नाहीत आणि सोडली तर तोंडाला येईल तो भाव सांगतात. जिप्सीचंही तेच. बंद होऊन वर्षं झाली, तरी भाव उतरायचं नाव नाही. शिवाय फोर बाय फोर म्हणजे मोडायला दुप्पट सामान!

इस्टीम मात्र शेवटपर्यंत टिकून होती. तिचा लोचा वेगळाच निघाला, तो म्हणजे कागदांचा. इस्टीम २००७-०८ च्या सुमारास बंद झाली, म्हणजे आज रस्त्यावरची प्रत्येक इस्टीम पंधरा वर्षांच्या पुढची. फिटनेस, रजिस्ट्रेशन रिन्यू करणं, ग्रीन टॅक्स हे सगळं आलं. त्यात ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपेक्षा जुन्या कारची नुसती रिन्यूअल फी दहा हजार रुपये, जीएसटी वेगळा. आमच्यासारख्यांना गाडी ट्रेलरवरून न्यायला परवडत नाही. ती स्वतःच्या चाकांवर इव्हेंटला जाणार, धूळ खाणार आणि त्याच चाकांवर घरी येणार. म्हणून कागद क्लीन पाहिजेत.

शेवटी निवडली स्विफ्ट. २०१२ ची, १.२ पेट्रोल. हो, तीच, जी तुमच्या सोसायटीत चार तरी उभ्या आहेत. गल्लीतल्या मेकॅनिकला तोंडपाठ, पार्ट कुठेही मिळतात, आणि तब्येतीनं हलकी. ऑटोक्रॉसमध्ये क्लास इंजिनाच्या सीसीवरून पडतात, त्यामुळे छोटं इंजिन घेतलं तर मोठ्यांच्या पंगतीत बसावं लागत नाही.

पण एका गोष्टीवर आम्ही अडून बसलो. व्हेरियंट झेडएक्सआयच हवा. कारण त्यात दोन एअरबॅग आणि एबीएस आहे. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपनं भारतातली एअरबॅग नसलेली स्विफ्ट आपटून बघितली, तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य स्टार मिळाला होता. ‘तीस-चाळीस हजार वाचतात, व्हीएक्सआय घेऊ’ हा मोह आम्हालाही झाला. पण वाचलेल्या पैशांचं करायचं काय, तर हॉस्पिटलचं बिल भरायचं?

रोल केज, म्हणजे आतला लोखंडी पिंजरा, आम्ही लावला नाही. लावलेला बरा की, असं तुम्ही म्हणाल. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहिला, तर रस्त्यावरच्या गाडीत कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या पलीकडे फेरफार करता येत नाहीत. त्यामुळे हिशोब सरळ आहे. पिंजरा नाही, तर पिंजरा लागणाऱ्या स्पर्धांना जायचं नाही. टीएसडी आणि स्टॉक गाड्या चालणारे छोटे ऑटोक्रॉस, बस्स. प्रत्येक इव्हेंटचं नियमपत्रक येतं, ते आधी वाचायचं आणि इव्हेंट एफएमएससीआयच्या परवानगीनं आहे ना, हे बघायचं. आणि ताम्हिणीत किंवा एक्स्प्रेसवेवर ‘जरा बघू किती पळते’ करणाऱ्यांसाठी कलम १८९ आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याला मोटरस्पोर्ट म्हणत नाहीत.

आता बजेट. दोन चाळीसची गाडीच घ्यायची नाही, ही पहिली शपथ. आमची गाडी आली दीड लाखाला. तीस हजार बुश, ब्रेक पॅड, ऑइल, टायर आणि इंजिनाखालच्या संप गार्डला. पंचवीस हजार हेल्मेट आणि फायर एक्स्टिंग्विशरला. उरलेले पस्तीस हजार डब्यात, तुटण्याफुटण्यासाठी. डब्याला हात लावायचा नाही, कारण इथे इन्शुरन्स कामाला येत नाही. पॉलिसीवरचं बारीक अक्षर वाचा. रेसिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल हे सगळं वगळलेलं असतं. ट्रॅकवर आपटलात तर खर्च तुमचा!

सेकंडहँड बघायला जाताना या चार गोष्टी विसरू नका:

– इंजिन थंड असताना पोचा. मालकानं आधीच गरम करून ठेवलं असेल, तर का ते विचारा.

– सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, स्टेपनीखाली हात घाला. चिखलाची रेघ किंवा गंज दिसला की नमस्कार करून निघा. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात बुडालेल्या गाड्याही धुऊनपुसून विकायला येऊ शकतात.

– बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टांवरचा रंग उडालाय का? मग ते कुणीतरी खोललेत. का खोलले, ते शोधा.

– स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा. कटकट आवाज आला, तर ॲक्सल गेलाय.

राहिला सगळ्यात नाजूक पार्ट, म्हणजे दोस्ती. तिचे स्पेअर मिळत नाहीत. गाडी चौघांची, पण आरसीवर नाव एकट्या सीएचं. म्हणजे रस्त्यात काही झालं, तर कोर्टाची नोटीसही त्याच्याच दारात. म्हणून त्याच्या आग्रहानं आम्ही एक कागद केला. पाच हजारांपर्यंतचं नुकसान डब्यातून. त्यावरचं अर्धं चालवणाऱ्याचं, अर्धं चौघांचं. थर्ड पार्टी इन्शुरन्स एक दिवसही लॅप्स होऊ द्यायचा नाही. प्यायल्यावर किल्ली मागायची नाही. कुणाला बाहेर पडायचं असेल, तर गाडीच्या त्या दिवशीच्या भावाचा चौथा हिस्सा, तीन हप्त्यांत. आणि एखाद्या महिन्यात कुणाकडे एंट्री फी नसेल (सगळे माझ्याकडे बघत होते), तर त्यानं त्या इव्हेंटला चालवायचं नाही, पण टायर बदलायला मात्र यायचं.

‘मित्रांमध्ये कसला कागद?’ असं आयटीवाला म्हणाला होता. खरंय. पण पैशावरून तुटलेले ग्रुप आठवून बघा. बहुतेकांकडे कागद नसतो, नुसता ‘अरे, बघू नंतर’ असतो.

तेव्हा तुमच्या ग्रुपमध्ये हा किडा वळवळत असेल, तर जरूर करा. फक्त शोरूम किंवा गॅरेज गाठायच्या आधी एका संध्याकाळी चहा मागवा, कागद-पेन घ्या आणि वाईटातलं वाईट काय होईल ते लिहून काढा. त्या संध्याकाळनंतरही चौघं एकत्र असाल, तर गाडी कुठलीही घ्या, धमाल येणार!