उघड्या काँक्रीटची उपेक्षा

एखाद्या वस्तूस वाईट नांव पडलें म्हणजे तिचे गुण पाहण्याची तसदी कोणी घेत नाहीं. 'ब्रूटॅलिझम' या वास्तुशैलीचें नेमकें तसेंच झालें आहे. नांव ऐकतांच लोकांस क्रौर्य आठवतें. वस्तुतः त्याचें मूळ फ्रेंच भाषेंत असून त्याचा अर्थ गिलाव्याविना ठेवलेलें कच्चें काँक्रीट, एवढाच आहे. साच्याच्या फळ्यांच्या शिरा अशा भिंतीवर उमटलेल्या दिसतात; सुताराचें व गवंड्याचें काम ती झांकीत नाहीं. हा प्रामाणिकपणा कुरूप कसा, हें आम्हांस उमगत नाहीं.

दिल्लीच्या प्रगति मैदानावरील 'हॉल ऑफ नेशन्स' हें प्रदर्शनगृह १९७२ सालीं उभें राहिलें. वास्तुविशारद राज रेवाल. स्थापत्य-अभियंते महेंद्र राज. असा जाळीदार सांगाडा अन्यत्र पोलादाचा करीत. आपल्याकडे पोलाद महाग व मजूर पुष्कळ, म्हणून तो जागच्या जागीं काँक्रीट ओतून केला. देशाच्या अडचणींतूनच ही कला जन्मली. प्रदर्शन पाहावयास आलेलीं सामान्य कुटुंबें तिच्याखालून वर्षानुवर्षें हिंडलीं. २०१७ च्या एप्रिलांत तें रातोरात पाडण्यांत आलें. साठ वर्षें न झालेल्या इमारतीचा वारसा म्हणून विचार होणार नाहीं, अशी वारसा समितीची भूमिका होती. साठीच्या आंत पाडूं द्यावयाचें आणि साठीनंतर जपावयाचें, तर जपावयास उरणार काय?

या भिंती पावसानें काळवंडतात, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. पण चुन्याची भिंत तरी वेळोवेळीं रंगविल्यावांचून कोठें पांढरी राहते? निगा न राखण्याचा दोष शैलीच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे.

निगा राखतां येते, याचें प्रत्यंतर इंग्लंडांत आहे. प्रेस्टन येथील १९६९ चें बसस्थानक पाडण्याचें तेथील नगरपालिकेनें २०१२ सालीं ठरविलें होतें. लोकांनीं तें वाचविण्यासाठीं चळवळ केली, २०१३ सालीं त्यास कायद्याचें संरक्षण लाभलें, पुढें डागडुजी झाली. आजहि तेथून बसगाड्या सुटतात.

दिल्लींत शिवनाथ प्रसाद यांनीं रचलेलें श्रीराम सेंटर हें नाट्यगृह अद्याप उभें आहे. अशा इमारतींचा निवाडा वयावर न होतां गुणांवर व्हावा, अशी आमची मागणी आहे. आणि कुदळ पडण्यापूर्वी वाचकांनीं आपल्या शहरांतील कचेऱ्या व बसस्थानकें एकवार नीट न्याहाळावीं, ही विनंती.