खाटा मोजाव्या की रोगी?

सेनगावच्या रोग्यास गावच्या ग्रामीण रुग्णालयात गुण येईनासा झाला, म्हणजे त्याने हिंगोलीची वाट धरावी, आणि तेथेही न भागल्यास नांदेड गाठावे, हा आपल्या तालुक्याचा नित्याचा क्रम आहे. त्या नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ३० सप्टेंबर व १ ऑक्टोबर २०२३ च्या चोवीस तासांत २४ रोगी दगावले. त्यांत १२ अर्भके होती. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकाराची आपण होऊन दखल घेतली. पुष्कळ रोगी अत्यवस्थ होऊनच आले होते, असा खुलासा झाला. तो खोटा म्हणण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु नवजात अर्भकांच्या अतिदक्षता कक्षात खाटांच्या दुपटीहून अधिक अर्भके होती, हेही तेव्हाच प्रसिद्ध झाले. रोगी दुप्पट झाले, तेव्हा परिचारिका दुप्पट झाल्या होत्या काय? खरा प्रश्न हा आहे.

आपल्याकडे परिचारिकांची पदे मंजूर खाटांवरून ठरतात. साधारण कक्षात सहा रोग्यांमागे एक परिचारिका, अतिदक्षता कक्षात रोग्यामागे एक, आणि रजेसाठी शेकडा ३० अधिक, असे प्रमाण सरकारी नियमांत सांगितलेले आहे. या हिशेबाने ३० खाटांच्या रुग्णालयास दर पाळीला ५, तीन पाळ्यांस १५ आणि रजेच्या धरून सुमारे २० परिचारिका लागतील. पण हा हिशेब खाटांचा झाला. सहा रोगी म्हणजे सहा पोती नव्हेत. एकाचे टाके काढावयाचे असतात, तर दुसऱ्यास सर्पदंश झालेला असून घटकाघटकेला त्याचा श्वास पहावा लागतो. मोंढ्यात हळदीची आवक वाढली की आमचे व्यापारी त्याच दिवशी हमाल वाढवितात. गतवर्षीच्या कागदावर बोट ठेवून बसत नाहीत. जी दक्षता हळदीस, ती माणसास नको काय?

ही केवळ सोयीची गोष्ट नव्हे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतातील रुग्णालयांच्या पाहणीत २००२ साली असे आढळले की, परिचारिकेमागे एक रोगी वाढला की शस्त्रक्रिया झालेल्यांच्या मृत्यूचा संभव शेकडा ७ ने वाढतो. कॅलिफोर्नियाने १९९९ साली कायदा करून २००४ पासून किमान प्रमाण बंधनकारक केले, आणि दुखणे भारी असेल तेथे त्याहूनही अधिक परिचारिका नेमण्यास सांगितले.

आपल्याकडे हे का होत नाही? पैसा नाही, हे एक उत्तर. पण दुसरे अधिक लाजिरवाणे आहे. शुश्रूषा हा स्त्रीचा सहज धर्म, असे मानण्याची आपणांस सवय झाली आहे. धर्म म्हटले की मोजमाप संपले! परिचारिकेस देवी म्हणून हार घालावा आणि रात्रपाळीस तिला एकटीला भरल्या कक्षात सोडावे, ही पूजा नव्हे, फसवणूक आहे.

२०२४ साली हिंगोलीस वैद्यकीय महाविद्यालय उघडले. इमारत उभी राहील, खाटाही वाढतील. त्याच वेळी ही मोजणी सुरू झाली पाहिजे. प्रत्येक पाळीच्या आरंभी रोगी किती, त्यांत भारी दुखण्याचे किती आणि परिचारिका किती, हे तीन आकडे कक्षाच्या दारावरील फळ्यावर लिहावेत. यास खडूपलीकडे खर्च नाही. रुग्ण कल्याण समितीत बसणाऱ्या गृहस्थांनी हा फळा आधी मागावा. मग रिक्त पदांचा जाब विचारण्यास त्यांच्या हाती आधार राहील. जे मोजले जात नाही, ते मागताही येत नाही.