चकाकीची भक्ती आणि तळाचा गंज

गेल्या गणेशोत्सवात येथील मराठी मंडळाच्या आवारात चहापानाच्या वेळी माझ्या हातांकडे पाहून एका ज्येष्ठ अधिकारी गृहस्थांनी विचारले, "काय हो, तुमच्या कार्यालयात हल्ली शाई बदलली की काय?" मंडळी हसली, मीही हसलो. माझ्या नखांच्या कडांना राहिलेला काळेपणा शाईचा नव्हे, हे त्यांना ठाऊक होते. गेले दोन हिवाळे मी माझ्या निवासाच्या मागील अंगणात १९७५ सालची एक प्रीमियर पद्मिनी मोटार स्वतः दुरुस्त करीत आहे, ही वार्ता जबलपूरच्या मराठी मंडळींत कोणापासून लपलेली नाही. हसणे संपल्यावर ते गृहस्थ गंभीरपणे म्हणाले, "पदवीधर माणसाने अशी कामे मिस्त्र्याकडून करवून घ्यावीत. तेवढी ऐपत नसेल, तर जुन्या मोटारीचा नाद धरू नये."

त्या वेळी मी उत्तर दिले नाही. वयाचा आणि पदाचा मान राखणे अवश्य होते. परंतु हे मत त्यांचे एकट्याचे नाही. घरापासून दूर, सरकारी निवासांत राहणाऱ्या आपल्या वर्गाचे ते मत आहे, आणि म्हणून त्याचे उत्तर जाहीरपणेच दिले पाहिजे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, गंजलेली मोटार पुन्हा उभी करण्यातले सर्वांत महत्त्वाचे काम डोळ्यांना दिसत नाही. जे दिसत नाही त्यात फसवणूक सर्वांत सोपी असते. आणि म्हणून ते काम मालकाने, तो कारकून असो वा कलेक्टर, होता होईल तो आपल्या हातांनी करावे.

हे तत्त्वज्ञान मला पुस्तकातून मिळालेले नाही. ही मोटार मी पाच वर्षांपूर्वी विकत घेतली, ती "संपूर्ण नूतनीकरण केलेली" म्हणून. मूळची ती समुद्रकाठच्या शहरातली. रंग असा की त्यात तोंड पाहावे. पुढची जाळी चांदीसारखी लखलखत होती, बैठकींना नवे कापड होते, पायांखाली नवा गालिचा होता. मी प्रसन्न झालो आणि तीन वर्षांची शिल्लक मोजून दिली. पहिल्याच पावसाळ्यात मागच्या बैठकीपुढे पाणी साचू लागले. पुढे एकदा गावाबाहेर चाक पंक्चर झाले म्हणून दाराखाली जॅक लावला, तो मोटार वर न उचलता जॅकच पत्र्यात शिरला. करकर असा आवाज झाला आणि लाल भुग्याची एक रास रस्त्यावर पडली. घरी येऊन गालिचा उचलला. खाली डांबर होते; डांबराखाली पुट्टी होती; पुट्टीखाली वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले होते. एका बोळ्यावरील क्रिकेटच्या सामन्याची बातमी अद्याप वाचता येत होती. पत्रा असा कोठे नव्हताच. त्या जागेवर पाय ठेवून माझी सात वर्षांची मुलगी बसत असे.

ज्यांना या मोटारीची रचना ठाऊक नाही त्यांच्यासाठी येथे दोन शब्द सांगतो. जीपला किंवा मालमोटारीला खाली एक स्वतंत्र, भक्कम सांगाडा असतो आणि वरचे अंग त्यावर बसवलेले असते. पद्मिनी ही मूळची इटलीची फियाट ११००. तिला असा वेगळा सांगाडा नाही. तळाचा पत्रा, दारांखालून दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या पोकळ पेट्या, खांब आणि छप्पर हे सारे मिळूनच तिचा सांगाडा होतो. मागच्या चाकांच्या पाट्यांच्या स्प्रिंगा ज्या ठिकाणी टांगलेल्या असतात, ते ठिकाणही याच पत्र्याचे. म्हणजे तळ गंजला तर मोटारीचा अलंकार गेला असे होत नाही. तिचा कणा जातो. त्या कण्याच्या जागी पुट्टी आणि वर्तमानपत्र भरणारा मनुष्य रंगारी नसून मारेकरी आहे, असे मी म्हटले तर कोणास ते अतिशयोक्त वाटू नये.

गंजाचा स्वभावही समजून घेतला पाहिजे. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू यांच्या संयोगातून तो होतो; खारी हवा त्याला वेग देते. ॲल्युमिनियमवर जी पापुद्र्यासारखी थर चढते ती आतल्या धातूचे रक्षण करते. लोखंडाचा गंज तसा नसतो. तो सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो आणि आतल्या धातूला खातच राहतो. शिवाय ज्या धातूतून तो निघाला त्याच्या कितीतरी पट जागा तो व्यापतो. म्हणूनच रंगावर फुगवटे येतात आणि सांधे उकलतात. अशा गंजावर पुट्टी फासणे म्हणजे गळूवर चंदनाचा लेप लावणे होय. पुट्टी स्वतः ओल शोषते. वरून गुळगुळीत, आतून सडणारी अशी ती अवस्था. आणि वरून गुळगुळीत असल्यामुळेच अधिक भयंकर.

आता उपाय काय ते पाहा, म्हणजे हे काम हौशी माणसाचे का, ते कळेल. सडलेला पत्रा निरोगी धातू लागेपर्यंत कापून काढावा लागतो. मग पुठ्ठ्याचा नमुना कापून, त्यावरून नवा पत्रा आखून, वाकवून, ठोकून मूळ आकाराचा तुकडा करावा लागतो. तो वेल्डिंगने जोडताना सलग टाका घातला तर पातळ पत्रा तापून पिळवटतो. म्हणून येथे एक ठिपका, तेथे एक ठिपका, मध्ये थंड होऊ देणे, असे चालते. बिजागऱ्या, कड्या असे लहान भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, त्यांना बॅटरीच्या चार्जरचे ऋण टोक आणि जुन्या लोखंडी पट्टीला धन टोक जोडून ठेवले की रात्रीतून गंज सुटतो. त्यातून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून हा उद्योग उघड्यावरच करावा. शेवटी पोकळ पेट्यांच्या आत मेण आणि तेल यांचे मिश्रण फवारावे, आणि दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी जी छिद्रे मूळच्या कारखान्याने ठेवली होती, ती मोकळी करावीत. माझ्या मोटारीची ती छिद्रे त्या "नूतनीकरण" करणाऱ्याने पुट्टीने बुजवून वर सुंदर रंग दिला होता!

वाचकहो, या सर्व कामात बुद्धीपेक्षा वेळ अधिक लागतो. दाराखालच्या एका पेटीस मला सोळा रविवार लागले. धंदेवाईक कारागीर सोळा दिवसांची मजुरी मागेल तर त्याचे काही चुकले नाही; पण मालक ती देणार नाही, कारण पाहुण्यांना ती पेटी दाखवता येत नाही. तोच मालक रंगासाठी आणि चकचकीत पट्ट्यांसाठी वाटेल ते देईल. म्हणून पुट्टी जन्माला येते. पुट्टीचा खरा जनक कारागीर नव्हे. ज्याला गालिचा उचलण्याचे कष्ट नकोत असा गिऱ्हाईक तो आहे. मीही तसाच गिऱ्हाईक होतो, हे मी येथे कबूल करतो. माझ्या वेळेला बाजारात भाव नाही. रविवारचे तास मी कोणाला विकत नाही. म्हणूनच हे काम मला परवडते, आणि जो ते पैशासाठी करतो त्याला ते परवडत नाही.

"हे मिस्त्र्याचे काम" या आक्षेपात मिस्त्र्याचाही अपमान आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही. ज्या शहरात मी नोकरी करतो ते सैन्याच्या गाड्या बांधणारे शहर. जोंगा या लष्करी गाडीच्या नावातच जबलपूरचे नाव दडलेले आहे. येथील वाहन कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका वृद्ध वेल्डरने मला हे काम शिकवले. पहिले दोन महिने त्यांनी मला मोटारीला हात लावू दिला नाही. भंगारातील पत्र्याचे तुकडे जोडायला लावले. माझे जोड ते पकडीने वाकवीत, तोडीत आणि एक शब्दही न बोलता परत देत. पदवी मिळाल्यावर एवढी कडक परीक्षा मी कधी दिली नव्हती. ज्याला आपण "मिस्त्र्याचे काम" म्हणून बाजूला सारतो, त्यात किती ज्ञान आहे हे त्या तुटलेल्या जोडांनी मला दाखवले.

आपल्या वर्गाने लेखणी हाती धरली आणि हातोडी खाली ठेवली, ती कायमची, असा आपला समज आहे. पण महाराष्ट्रातील कारखानदारीचा इतिहास काय सांगतो? लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत ड्रॉइंग शिकवीत. ती नोकरी सोडून बेळगावात सायकलींच्या दुकानातून लोखंडी नांगरापर्यंत ते पोचले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. ज्या कंपनीने ही पद्मिनी बांधली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केली. मुंबईच्या कुर्ल्याला तिचा कारखाना होता. काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीत आपल्यापैकी कोण बसले नसेल? ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांतली शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली तेव्हा आपण हळहळलो, एकमेकांना छायाचित्रे पाठवली. हळहळणे सोपे आहे. त्यातली एक मोटार जगवायची म्हटले की हात काळे होतात, आणि मग ते काम दुसऱ्याचे ठरते.

यावर विरोधकांचे दोन सबळ मुद्दे आहेत. ते टाळणे अप्रामाणिक ठरेल. पहिला मुद्दा धुराचा. या मोटारीच्या १०८९ घनसेंटिमीटर इंजिनाचा धूर नव्या मोटारीपेक्षा घाण आहे, हे सत्य आहे. दिल्लीत पंधरा वर्षांपुढील पेट्रोल वाहनांना मनाई करणारा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा २०१४ सालचा आदेश आणि त्याला २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेला दुजोरा, यांच्यामागे तेथील लोकांचा श्वास आहे. त्याच्याशी मी भांडत नाही. पन्नास वर्षांपुढील वाहनांसाठी २०२१ साली केलेल्या केंद्रीय नियमांनीही त्यांचा वापर प्रदर्शने, फेऱ्या अशा प्रसंगांपुरताच ठेवला आहे, आणि तो योग्यच आहे. मी कार्यालयात सायकलने जातो. परंतु वाहनाचे वय मोजणे हे नियमाचे काम. गालिचा उचलून पाहणे हे मालकाचे. पन्नास वर्षांचा दाखला मिळाला म्हणून सडलेला तळ निरोगी होत नाही.

दुसरा मुद्दा असा की, हौशी माणूस अर्धवट ज्ञानाने स्वतःचा आणि इतरांचा जीव धोक्यात घालील. हा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या मोटारीखाली शिरणारा, पेट्रोलची टाकी घरी वेल्ड करू पाहणारा, ब्रेकचे काम कोणाला न दाखवता रस्त्यावर येणारा हौशी माणूस पुट्टीवाल्याचाच भाऊ आहे. मी टाकी काढून दुसरी बसवली. ब्रेकच्या नळ्या जाणत्या माणसाकडून तपासून घेतल्या. स्प्रिंगांच्या टांगणीचे जोड माझे नसून माझ्या गुरूंचे आहेत. आपल्याला काय येत नाही हे कळण्यासाठीसुद्धा आधी हात काळे करावे लागतात. ज्याने कधी पत्रा जोडला नाही त्याला दुसऱ्याचा जोड चांगला की वाईट हे कसे कळणार? तो रंग पाहील आणि पैसे मोजील. मी मोजले तसेच.

मग फलित काय? मोटार अजून रंगवलेली नाही. तिच्या अंगावर रेड ऑक्साइडचा मळकट तांबडा हात आहे. शेजारच्या निवासातील मुले तिला "विटेची गाडी" म्हणतात. रंग होईल, यथावकाश तपासणीही होईल. परंतु तो भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण रंग चढला की पुन्हा कोणी तळाकडे पाहणार नाही, आणि कदाचित मीही पाहणार नाही.

त्या ज्येष्ठ गृहस्थांना माझे नम्र निमंत्रण आहे. एखाद्या रविवारी सकाळी चहाला यावे. गालिचा अद्याप घातलेला नाही. येताना एक पेचकस आणावा, आणि माझी मुलगी जेथे पाय ठेवून बसते तेथे, हवे तितके जोर लावून टोचून पाहावे. त्यानंतर माझ्या नखांविषयी त्यांना जे म्हणावयाचे असेल ते मी आदरपूर्वक ऐकून घेईन.